उकळीच्या अलीकडे

कोल्हारच्या एखाद्या घरात स्वयंपाकासाठीचा नवा थर्मामीटर आला आणि तो खरा की खोटा हे बघायला कुणी खळखळत्या पाण्यात बुडवला, तर आकडा 98 च्या आसपास येऊन अडतो. गॅस मोठा करा, आणखी पाच मिनिटं थांबा, 100 काही दिसत नाही. ‘पाणी शंभर अंशांना उकळतं’ हे शाळेपासून पाठ असतं. त्यामुळे वस्तू सदोष निघाली म्हणून परत करायचा विचार सुरू होतो.

वस्तू चांगली असते. शंभर हा आकडा समुद्रकाठचा. पाण्यावर हवेचा जितका दाब, तितकं त्याला उकळायला अवघड. जसजसं उंचावर जावं तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर, म्हणजे कमी तापमानाला, उकळतं. ढोबळ हिशेब असा की दर 300 मीटर उंचीमागे एक अंश कमी. नगर-मनमाड रस्त्यावर प्रवरेच्या काठी वसलेलं कोल्हार समुद्रसपाटीपासून साधारण 500 मीटर उंच आहे. तिथे पाणी 98.3 अंशांच्या आसपास उकळणार. मुंबईत तोच थर्मामीटर 100 दाखवील आणि पुण्यात 98.

याच कोल्हारहून घोटीकडे जाणारा रस्ता धरला तर हा आकडा वाटेत उतरताना दिसू शकतो. लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असं करत रस्ता बारी गावाजवळून जातो, आणि बारीतून कळसूबाईची चढण सुरू होते. शिखराची उंची 1646 मीटर. तिथे चहाचं आधण ठेवलं तर ते साडेचौऱ्याण्णव अंशांनाच खळखळायला लागेल. एकाच जिल्ह्यात, कोल्हारपासून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत, उकळीत जवळपास चार अंशांचा फरक. लेहला तर 88 अंशांनाच पाणी उकळतं, म्हणून तिथे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. ऋतूचाही थोडा वाटा असतो. पावसाळ्यात कमी दाबाचा पट्टा सरकून आला की उकळीचा आकडा एखाद्या अंशाच्या पाव-तृतीयांशाने खाली येतो. तेवढा फरक चहाला कळत नाही, पण चांगल्या डिजिटल थर्मामीटरला कळतो.

या उतरत्या आकड्यावर एकेकाळी सबंध नकाशे बेतले गेले. कुमाऊंमधल्या मिलम गावचे नैनसिंह रावत इंग्रजांच्या भूमापन खात्यासाठी यात्रेकरूच्या वेषात तिबेटात शिरले आणि जानेवारी 1866 मध्ये ल्हासाला पोचले. परदेशी माणसाला तिथे बंदी होती, त्यामुळे उपकरणं लपवून न्यावी लागत. जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी होते, कारण मणी ओढायचे ते नामासाठी नव्हे तर पावलं मोजण्यासाठी. थर्मामीटरही असाच दडवून नेलेला असे. मुक्कामी भांड्यात पाणी उकळायचं, त्यात थर्मामीटर धरायचा आणि उकळीच्या आकड्यावरून त्या जागेची उंची काढायची, हे त्यांचं काम. बघणाऱ्याला वाटावं, बिचारा थकलेला यात्रेकरू चहापाण्याला बसलाय. 1877 साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

आता मुद्द्याचा प्रश्न. आपल्याकडच्या चहासाठी पाण्यात थर्मामीटर घालायची गरज आहे का? खरं सांगायचं तर, उकळी ओळखायला अजिबात नाही. उकळी ही निसर्गानेच आखून दिलेली मर्यादा आहे. पाणी एकदा उकळायला लागलं की खाली कितीही मोठी आच लावा, ते त्याच्यापुढे तापत नाही. जास्तीची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते, आणि हा खर्च छोटा नाही. एक ग्रॅम पाणी 30 अंशांवरून 98 वर न्यायला 68 कॅलरी लागतात. त्याच एक ग्रॅमची वाफ करायला सुमारे 540, म्हणजे आठपट. म्हणून उकळी फुटल्यावर गॅस मोठा ठेवणाऱ्याचा चहा जास्त गरम होत नाही. फक्त पाणी आटतं आणि सिलिंडर लवकर संपतो. साखर आधी घातली की पाणी जास्त तापतं, अशीही एक समजूत आहे. तत्त्व म्हणून ती बरोबर आहे, पण 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम साखर घातली तर उकळबिंदू वाढतो फक्त दीड दशांश अंशाने.

चहा उकळायचा की नाही, या वादाला आपल्याकडे एक जुना इतिहास आहे. 1930 च्या दशकात चहा कंपन्यांच्या पैशातून देशभर मोठी प्रचारमोहीम चालली. रेल्वे स्टेशनांवर एनॅमलचे बोर्ड लागले, त्यांवर देशी भाषांत कृती होती. ताजं पाणी खळखळून उकळा, किटली आधी गरम करून घ्या, माणशी एक चमचा चहा टाका, वरून उकळतं पाणी ओता, पाच मिनिटं मुरू द्या, मग कपात दूध-साखर घाला. गिऱ्हाईक मिळालं, कृती मात्र कुणी मनावर घेतली नाही. पाणी, दूध, साखर, पावडर, आलं, वेलची सगळं एका पातेल्यात घालून रटरटवायचं, हे आपलं आपण ठरवून टाकलं. सुरुवातीला प्रचारकांना ही नासाडी वाटे. उकळलेल्या चहात नाजूक सुगंध उडून जातो हा त्यांचा आक्षेप शास्त्राला धरून होता.

पण मग पावडरच बदलली. 1930 साली आसामातल्या अमगुरी बागेत विल्यम मॅकरचर यांनी पानं चिरडून, फाडून, मुरडून बारीक गोळ्या करणारं यंत्र बनवलं. तोच आजचा सीटीसी चहा. अख्ख्या पानाच्या मानाने या दाण्यांतून रंग आणि कडूपणा झपाट्याने उतरतो, आणि तोही इतका की दुधाशिवाय पिणं अवघड. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं आणि जिभेला होणारा चरचरीतपणा कमी करतं. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत हा स्वस्त दाणेदार चहा खेड्यापाड्यांत पोचला आणि त्याला उकळी हीच कृती योग्य होती. टपरीवरचा माणूस थर्मामीटरशिवाय रोज शेकडो कप एकाच चवीचे काढतो. त्याचं कौतुक करायलाच हवं, पण कौतुकात एक भाग निसर्गाचाही आहे. उकळीने त्याचं तापमान आधीच पक्कं करून दिलेलं असतं. त्याच्या हातात उरतो तो वेळ आणि प्रमाण.

गोंधळ होतो तो उकळीच्या अलीकडे. 50 ते 95 अंशांच्या पट्ट्यात डोळ्याला नेमकं काही दिसत नाही, बोटाला सोसत नाही, आणि चहातल्या बहुतेक गमतीजमती, फजित्याही, तिथेच घडतात. थर्मामीटरचं खरं घर हे.

आल्याचा चहा घ्या. आलं आधी पाण्यात उकळायचं, दूध मागाहून घालायचं, हे घरोघरी सांगितलं जातं. का, ते फारसं सांगितलं जात नाही. ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर असतं, प्रथिनं तोडणारं. दुधातल्या केसीनला ते तोडतं आणि दूध गोठतं. हे काम त्याला सगळ्यांत चांगलं जमतं ते 60 ते 70 अंशांच्या दरम्यान. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतात याच गुणाचा उपयोग करून एक गोड पदार्थ करतात. वाटीत ताज्या आल्याचा रस, त्यावर साधारण 70 अंशांचं गोड दूध, आणि न हलवता थोडा वेळ ठेवलं की खरवसासारखं लुसलुशीत काहीतरी तयार. आपल्याला मात्र चहाच्या पातेल्यात खरवस नको असतो. फ्रिजमधून काढलेल्या दुधात कच्चं आलं किसून दोन्ही एकदम गॅसवर ठेवलं, तर तापताना दूध नेमकं या 60-70 च्या पट्ट्यातून सावकाश जातं आणि विकराला हवा तेवढा वेळ मिळतो. आलं आधी पाण्यात चांगलं उकळलं तर विकर मरतं, मग दूध सुरक्षित. म्हणजे आजीने क्रम बरोबर सांगितला होता.

गुळाच्या चहाची गोष्ट याहून नाजूक. गेल्या काही वर्षांत नगर जिल्ह्यात रस्तोरस्ती गुळाच्या चहाच्या पाट्या दिसू लागल्या आहेत, आणि प्रवरेच्या पट्ट्यात हे शोभूनही दिसतं. कोल्हारजवळच्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने उभा केलेला सहकारी साखर कारखाना 1950 साली सुरू झाला, तेव्हापासून हा मुलूख उसाचाच. पण घरी गुळाचा चहा करायला जावं तर दोन-तीनदा हमखास फाटतो. दोष दुधाला दिला जातो. बहुतेक वेळा तो असतो आम्लतेचा आणि तापमानाचा, दोन्हींच्या संगनमताचा.

ताज्या दुधाचा पीएच 6.6 ते 6.8 असतो. नेहमीच्या तापमानाला तो 4.6 पर्यंत उतरला तर केसीन एकत्र गोळा होतं, दूध फाटतं. पण तापमान जसं वाढतं तसं फाटायला कमी आंबटपणा पुरतो. उसाचा रस मुळात किंचित आम्ल, गूळ त्याचाच, त्यात खनिज क्षारही बरेच. गूळ जुना असेल, ओल धरून आंबूस झाला असेल तर आणखी भर. दूध थंड असताना हा गूळ विरघळवला तर काही होत नाही, पण तेच मिश्रण उकळीला नेलं की दुधाचा धीर सुटतो. त्यातून आलं पुरतं उकळलेलं नसेल तर मग विचारायलाच नको.

यावरची तोड चहावाल्यांनी थर्मामीटरशिवायच शोधली आहे. कोरा चहा गूळ-आलं घालून वेगळा उकळायचा, दूध वेगळं तापवायचं, आणि दोन्ही आचेवरून उतरवल्यावर एकत्र करायचं. किंवा गूळ अगदी शेवटी, गॅस बंद करून, उकळी पूर्ण बसल्यावर घालायचा. ‘उकळी बसल्यावर’ म्हणजे नेमकं केव्हा, इथे घरातल्या माणसाची पंचाईत होते. थर्मामीटर असेल तर पातेलं खाली उतरवून काटा 80 च्या खाली येईपर्यंत थांबायचं आणि मग किसलेला गूळ हळूहळू ढवळायचा. गूळ फारच आंबूस असेल तर हीही युक्ती चालणार नाही, पण बऱ्या गुळाला चालते.

गुळाच्या बाबतीत तापमानाचा नाद चहापासून सुरू होत नाही, गुऱ्हाळापासूनच होतो. काहिलीत रस चढवला की चुलवाणावरचा चुलव्या आच सांभाळतो, भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढली जाते आणि गुळव्या पाकाकडे डोळे लावून बसतो. पाणी आटत जातं, साखर दाट होत जाते, आणि इथे मात्र उकळबिंदू खरोखर चढतो, कारण आता द्रवात पाणी थोडं आणि साखर फार. 105 अंशांच्या आसपास काकवी होते, 118 च्या आसपास गूळ. त्यात दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले की ढेप एक तर मऊ राहते, नाही तर करपट होते. गुळव्या पळीभर पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो, गोळी कडक झाली की काहील उतरवायची. कोल्हापूरला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. अशा संशोधनात आणि आधुनिक गुऱ्हाळांत पाकासाठी थर्मामीटर नेहमीचा. गुळव्याच्या बोटांची बरोबरी त्याला सहसा येत नाही, हेही खरं, पण गुळव्या रोज मिळत नाही.

ग्रीन टी हा तर थर्मामीटरचा सरळ-सरळ अशील. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून किंवा वजन कमी करायचं म्हणून डबा आणला जातो, चहासारखंच पाणी खळखळवून त्यावर ओतलं जातं, आणि एक घोट घेऊन तोंड वाकडं होतं. डबा मग फडताळात मागे सरकतो. हिरव्या चहाच्या पानांवर काळ्या चहासारखी ऑक्सिडेशनची प्रक्रिया झालेली नसते, त्यामुळे त्यात कॅटेचिन नावाची कडू-तुरट द्रव्यं भरपूर शिल्लक असतात. ती उकळत्या पाण्यात भराभर उतरतात. गोडसर, मांसल चव देणारं थिअनिन हे अमिनो आम्ल मात्र कमी तापमानालाही पाण्यात येतं. म्हणून 70 ते 80 अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं मुरवलेला ग्रीन टी पिण्याजोगा होतो आणि 98 अंशांचा काढ्याकडे झुकतो. जपानी लोक ग्योकुरो नावाच्या सावलीत वाढवलेल्या उंची चहासाठी 50-60 अंशांपर्यंतही खाली येतात. अर्धवट प्रक्रिया झालेल्या ऊलाँगला 85 ते 95 मानवतात. काळ्या चहाला मात्र उकळतंच पाणी हवं. ब्रिटिश लेखक जॉर्ज ऑर्वेलने 1946 मध्ये चहावर लिहिलेल्या लेखात किटली पाण्याकडे न्या, पाणी किटलीकडे आणू नका, असा आग्रह धरला होता, तो यासाठीच. थर्मासमधल्या 75-80 अंशांच्या पाण्यात डिप-डिप करून केलेला प्रवासातला चहा फिक्का लागतो तो याच कारणाने.

थर्मामीटर नसेल तर ग्रीन टीसाठी एक सोपा हिशेब आहे. तीन कप उकळतं पाणी आणि एक कप माठातलं पाणी एकत्र करा. कोल्हारच्या 98 अंशांच्या उकळीत 25 अंशांचं पाणी एकास तीन मिसळलं तर उत्तर येतं पावणेऐंशी. ऐन मे महिन्यात नळाचं पाणी 35 अंशांचं असेल तर 82. भांडं आणि कप आणखी दोन-चार अंश खातील, त्यामुळे दोन्ही चालतील. हा हिशेब प्रत्यक्ष ताडून बघायला थर्मामीटर एकदा वापरला की पुढे तो लागणारही नाही.

कानही कामाला येतो. पाणी तापताना आधी तळाशी बारीक बुडबुडे चिकटतात, ती पाण्यात विरघळलेली हवा असते. मग भांडं सूं-सूं करायला लागतं. तळाशी झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या तुलनेने गार पाण्यात शिरताच फुटून मिटतात, त्याचा तो आवाज. सगळं पाणी सारखं तापलं की बुडबुडे न मिटता पृष्ठभागापर्यंत येतात आणि आवाज मंदावून खळखळ सुरू होते. आठव्या शतकात चीनमधल्या लु यु यांनी चहावर जो ग्रंथ लिहिला, त्यात उकळीच्या तीन पायऱ्या अशाच नोंदल्या आहेत. आधी माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे आणि बारीक आवाज, मग काठाला मोत्यांच्या सरी, मग उसळत्या लाटा. त्याच्यापुढे पाणी ‘म्हातारं’ होतं, चहाला चालत नाही, असं त्यांचं मत. आपल्या टपरीवर हे पाणी दिवसभर म्हातारं होत असतं आणि गिऱ्हाईक तरी तिथेच येतं.

आता कपाकडे. चहा करताना तापमान चुकलं तर फार तर चव बिघडते. पिताना चुकलं तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली 65 अंशांपेक्षा जास्त गरम पेयं ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकली. दोष चहाचा नाही, कॉफीचाही नाही, फक्त उष्णतेचा. अन्ननलिकेच्या अस्तराला रोज चटका बसत राहिला तर त्याची भरपाई करताना पेशींमध्ये बिघाड होण्याची शक्यता वाढते. इराणच्या ईशान्येकडच्या गोलेस्तान प्रांतात अन्ननलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण फार. तिथे सुमारे 50 हजार लोकांवर अनेक वर्षं नजर ठेवून 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिवसाला 700 मिलिलिटरहून जास्त चहा 60 अंश किंवा त्याहून गरम पिणाऱ्यांमध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका, कमी आणि कोमट पिणाऱ्यांपेक्षा जवळपास 90 टक्क्यांनी जास्त आढळला. हे लोक किती गरम पितात हे कसं ठरवलं, तेही ऐकण्यासारखं आहे. प्रत्येकासमोर ताजा चहा ठेवला, त्यात थर्मामीटर. 75 अंशांना विचारलं, एवढा गरम पिता का? नाही म्हटलं तर 70 वर येईपर्यंत थांबून पुन्हा विचारलं. मग 65. ‘खूप गरम पितो’ आणि ‘बेताचा पितो’ असल्या उत्तरांवर कुणी विसंबून राहिलं नाही.

90 टक्के हा आकडा घाबरवणारा वाटतो. पण मूळ धोका लहान असेल तर त्याची जवळपास दुप्पटही लहानच राहते, आणि गोलेस्तानसारखा मूळ धोका सगळीकडे नसतो. तरीही हा अभ्यास घरच्या चहाला लावून बघायला हरकत नाही. पातेल्यातून गाळलेला दुधाचा चहा कपात 80 च्या वरच असतो. हाफच्या काचेच्या ग्लासात तो लवकर निवतो, कारण चहा थोडा आणि काच पातळ. स्टीलच्या पेल्यात ओठाला चटका बसतो म्हणून माणूस आपोआप थांबतो. जाड कपात, विशेषतः झाकणाच्या प्रवासी मगमध्ये, चहा बराच वेळ 65 च्या वर राहतो आणि ओठाला कळतही नाही. जुन्या माणसांची बशी या बाबतीत भलतीच हुशार निघाली. पसरट पृष्ठभाग, पातळ थर, वरून फुंकर. बाष्पीभवन वाढतं आणि चहा भराभर खाली येतो. बशीने चहा पिणं गावंढळ ठरवून आपण ती कपाखालच्या शोभेला लावली, हे काही शहाणपणाचं झालं नाही.

थर्मामीटर घ्यायचा ठरलाच तर कोणता, याबद्दल थोडं. बाजारात तीन प्रकार दिसतात. तबकडीचा, ज्यात दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकते आणि काटा फिरवते. तो दणकट पण सुस्त. सळईच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल, जो काही सेकंदांत आकडा देतो आणि काहीशे रुपयांत मिळतो. चहासाठी हाच बरा. तिसरा पिस्तुलासारखा, लांबून रोखायचा, करोनाच्या काळात सगळ्यांच्या परिचयाचा झालेला. तो फक्त पृष्ठभागाचं तापमान वाचतो, वाफेने गोंधळतो आणि चकचकीत पितळी किंवा स्टीलच्या भांड्यावर रोखला तर भलताच आकडा देतो. आणि चौथा, घरात असलेला तापाचा थर्मामीटर, चुकूनही पाण्यात घालू नये. त्याची मोजपट्टी 42 अंशांच्या आसपास संपते. जुना पाऱ्याचा असेल तर उकळत्या पाण्यात फुटून पारा पातेल्यात जाईल, आणि तो चहा, ते पातेलं, दोन्ही गेलं.

तपासायचा तर उकळीने नको, बर्फाने. ग्लासभर बर्फ फोडून त्यात थोडंसंच पाणी घालायचं, ढवळायचं, सळई मधोमध धरायची. आकडा शून्याच्या अर्ध्या-एक अंशात आला तर थर्मामीटर चांगला. बर्फाचं शून्य मुंबईत, कोल्हारला, कळसूबाईवर सारखंच राहतं, उंचीचा त्यावर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. मोजताना टोक तळाला टेकू द्यायचं नाही, तिथलं भांडं पाण्यापेक्षा जास्त तापलेलं असतं. पाणी एकदा ढवळून घ्यायचं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं.

खरं तर थर्मामीटर प्रवरेच्या या भागात नवा नाही. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर तो कधीचा आहे. दूध धारेतून निघतं तेव्हा 38 अंशांच्या आसपास असतं आणि ते शक्य तितक्या लवकर 4 अंशांपर्यंत थंड करायचं असतं. लॅक्टोमीटरने दूध तपासतानाही तापमान बघावं लागतं, कारण कोमट दुधात लॅक्टोमीटर जास्त बुडतो आणि चांगलं दूधही पाणी घातल्यासारखं दिसतं. त्यामुळे दर अंशामागे दुरुस्ती करूनच आकडा धरतात. पुढे डेअरीत 63 अंशांना अर्धा तास किंवा 72 अंशांना 15 सेकंद, असं पाश्चरीकरण. सकाळी केंद्रावर दुधाच्या तापमानावरून वाद घालणारा शेतकरी घरी येऊन त्याच दुधाचा चहा मात्र अंदाजाने पितो.

घरात आलेला थर्मामीटर चहापुरता राहतही नाही. विरजण लावताना दूध 40 ते 43 अंशांना असलं की दही घट्ट लागतं. हिवाळ्यात हे बोटाने ओळखणं कठीण जातं आणि दही सकाळी पाणचट निघतं. तळणीसाठी मात्र चहाचाच थर्मामीटर वापरण्याआधी त्याची मर्यादा वाचावी, तेल 180 अंशांपर्यंत जातं आणि स्वस्तातल्या काही सळया तेवढं सोसत नाहीत. दुधातून काढल्यावर सळई लगेच धुवायला हवी, वाळलेली साय टोकाला चिकटून राहिली तर पुढचा आकडा उशिरा येतो. डिजिटलचं डोकं नळाखाली धरायचं नाही, फक्त सळई.